तीन पॅडलचा म्युऑन टेलिस्कोप जिआंट४ मध्ये: मोजणी २५ टक्के कमी का येते?

पॅडलवाला

वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारे म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखे, पण जड कण) मोजायची मांडणी अशी. प्लास्टिक सिंटिलेटरचे (भारित कण गेला की चमकणारं प्लास्टिक) तीन पॅडल, म्हणजे सपाट पाट्या, एकाखाली एक. वरचा आणि खालचा २० × २० × १ सेमी, दोघांत १०० सेमी अंतर. मधला बरोबर मध्यावर, ३० × ३० × १ सेमी. वरचा आणि खालचा एकदम बोलले (सिग्नल दिला) की ट्रिगर, आणि त्या ट्रिगरपैकी किती वेळा मधलाही बोलला त्यावरून मधल्याची कार्यक्षमता काढायची आहे.

जिआंट४ (कण पदार्थातून जाताना काय होतं त्याचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) ची ११ वी मालिका, फिजिक्स लिस्ट (धरायच्या भौतिक प्रक्रियांची यादी) एफटीएफपी-बर्ट, त्यावर ऑप्टिकल फिजिक्स, म्हणजे प्रकाशाच्या फोटॉनचं सिम्युलेशन, जोडलेलं. वरच्या पॅडलच्या २ सेमी वर ३० × ३० सेमीचा आडवा चौकोन घेऊन त्यातून म्युऑन सोडतो. ऊर्जा सध्या सरसकट ४ जीईव्ही (गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट; एमईव्ही म्हणजे त्याचा हजारावा भाग). कोनासाठी (थीटा, उभ्या रेषेपासूनचा) कोसाइन-वर्गाचा नियम, म्हणून कोसाइन थीटा = यू चं घनमूळ (यू म्हणजे ० ते १ मधला यादृच्छिक आकडा). १० लाख म्युऑन सोडले. आडव्या पृष्ठभागावर चौमीला सेकंदाला ११० म्युऑन धरून त्यांचा खरा वेळ काढला.

मिनिटाला ४.९ कोइन्सिडन्स (वरचा-खालचा एकदम बोलण्याच्या घटना) येतात. हाताने केलेलं गणित ६.५ सांगतं. भूमितीतले ओव्हरलॅप (एकमेकांत घुसलेले भाग) तपासले, एकही नाही. सांख्यिकी चूक टक्काभर, म्हणजे फरक खरा आहे.

दुसरी अडचण: ऑप्टिकल चालू केल्यावर मधल्या पॅडलमध्ये दर म्युऑनमागे सतरा-अठरा हजार फोटॉन तयार होताना दिसतात, पण फोटोकॅथोडवर (पीएमटी या प्रकाश मोजणाऱ्या ट्यूबचा संवेदी पृष्ठभाग) नोंद शून्य. कमी नाही, शून्य.

घनकोन

पहिल्याचं उत्तर तुमच्या घनमुळातच आहे.

कोसाइन-वर्ग हा नियम तीव्रतेचा आहे: म्हणजे येणाऱ्या दिशेला काटकोनात धरलेल्या चौसेमीवर, दर स्टेरेडियनला (घनकोनाचं एकक) किती. तुम्ही सोडताय आडव्या चौकोनातून. तिरप्या म्युऑनला तो चौकोन कोसाइन थीटाने आखूड दिसतो, त्यामुळे कोसाइनचा आणखी एक घात लागतो. घनकोनाचा साइन धरून वितरण होतं कोसाइन-घन गुणिले साइन. त्याचं संकलन करून उलटवलं की कोसाइन थीटा = यू चा एक-चतुर्थांश घात. घनमूळ नाही, चौथं मूळ.

आता २५ टक्केच का, ते पाहा. एकूण आवक तुम्ही ११० ला बांधून ठेवली आहे. ती बरोबर आहे: उभी तीव्रता ७० प्रति चौमी-सेकंद-स्टेरेडियन, गुणिले पाय भागिले २, म्हणजे ११०. पण वितरण चुकीचं असल्याने तोच माल जास्त तिरपा वाटला गेला आणि उभी तीव्रता ७० ऐवजी तीन-चतुर्थांश, ५२.५ झाली. तुमचा टेलिस्कोप जवळजवळ उभेच म्युऑन पाहतो, म्हणून तोही तीन-चतुर्थांशावर आला. ६.५ चे पाऊण पट ४.९.

जिआंट४ च्या जनरल पार्टिकल सोर्समध्ये (कण सोडणारा तयार भाग) कोनाचा प्रकार 'कॉस' निवडला तर गाडी याहून घसरते. तिथला कॉस म्हणजे सर्व दिशांनी सारख्या तीव्रतेचा प्रवाह सपाट पृष्ठभागावर पडला तर जे वितरण होईल ते. ११० लाच बांधलं तर उभी तीव्रता निम्मी होते. तेव्हा मोजणी पाऊणपट आली तर घनमूळ, निम्मी आली तर कॉस. कोड न उघडता निदान होतं.

शून्य_बायस

आणि सोळापट आली तर जी४बॉक्स (जिआंट४ मधला ठोकळ्याचा आकार). त्याला अर्धी लांबी द्यायची असते. २० सेमीच्या पॅडलला २० लिहिलं की पॅडल ४० चा होतो, क्षेत्रफळ चौपट, दोन पॅडल म्हणून सोळाच्या आसपास. काठाच्या तिरप्या रेषांमुळे पूर्ण सोळा येत नाहीत, पण ओळखायला पुरतं. जाडीही दुप्पट होते, त्यामुळे ऊर्जेचं शिखर १.७ एमईव्ही ऐवजी साडेतीनला दिसतं. तो दुसरा पुरावा.

पॅडलवाला

चौथं मूळ घातलं. ६.४ ते ६.५ मध्ये येतंय. घनकोन, आभार.

हाताचं गणित कुणाला पडताळायचं असेल तर: ४०० × ४०० चौसेमी भागिले १०० चा वर्ग = १६. पॅडलच्या काठाकडच्या तिरप्या रेषांसाठी चार टक्के वजा, १५.४ चौसेमी-स्टेरेडियन. गुणिले ०.००७ प्रति चौसेमी-सेकंद-स्टेरेडियन. सेकंदाला ०.१०८, मिनिटाला ६.५.

दख्खनी_फोटॉन

एक शंका. सगळीकडे "समुद्रसपाटीला चौसेमीला मिनिटाला एक म्युऑन" असं लिहिलेलं असतं. ११० प्रति चौमी-सेकंद म्हणजे चौसेमीला मिनिटाला ०.६६. एक तृतीयांश गेले कुठे?

घनकोन

कुठेच गेले नाहीत. ७० हा आकडा १ जीईव्हीच्या वरच्या म्युऑनचा आहे. त्याखालचे म्युऑन आणि सोबतचे इलेक्ट्रॉन त्यात धरलेले नाहीत, पण पॅडल त्यांनाही मोजतो. शिवाय "मिनिटाला एक" हा तोंडी लावायचा आकडा आहे, त्याच्यावर पाच टक्क्यांची पैज लावू नये. ७० हाही जुन्या मोजमापांतून आला आहे, अलीकडची मोजमापं त्याहून दहा-पंधरा टक्के खाली जातात.

म्हणून सिम्युलेशनची तुलना करताना आधी ठरवायचं: फक्त म्युऑन हवेत की जे काही पॅडलमधून जाईल ते सगळं. दोन पॅडलच्या मध्ये १० सेमी शिसं ठेवलं तर ते १८ विकिरण-लांब्यांइतकं (एका विकिरण-लांबीत इलेक्ट्रॉनची ऊर्जा सुमारे एक तृतीयांशावर येते) होतं, इलेक्ट्रॉन तिथेच संपतात. म्युऑनची मात्र सव्वाशे-दीडशे एमईव्हीच जाते. मग तुलना सरळ. शिसं नसेल तर सोर्समध्ये इलेक्ट्रॉन हवेच.

पॅडलवाला

त्यासाठी क्राय (वैश्विक किरणांचे कण तयार करणारी लायब्ररी) वापरावं म्हणतो. कुणी जोडलंय का जिआंट४ ला?

खाणमजूर

क्राय जोडणं सोपं, नीट जोडणं जरा कमी सोपं. लॉरेन्स लिव्हरमोरची ती लायब्ररी आधीच चालवून ठेवलेल्या वातावरणीय वर्षावांच्या तक्त्यांतून कण काढते, त्यामुळे वेगवान आहे. अडचणी त्या तक्त्यांमुळेच येतात.

उंचीचे पर्याय तीनच: ०, २१०० आणि ११३०० मीटर. मधलं काही नाही. पुण्याचे साडेपाचशे मीटर कुठेच बसत नाहीत, ० घ्यायचं आणि फरक पद्धतशीर चुकीत टाकायचा. उटी मात्र २१०० ला जवळजवळ फुकटात बसते.

अक्षांश विचारते, रेखांश विचारत नाही. म्हणजे पृथ्वीचं चुंबकक्षेत्र तिच्यासाठी साधं दोन ध्रुवांचं आहे. भूचुंबकीय कटऑफ (संवेग भागिले भार याहून कमी असलेले प्राथमिक कण चुंबकक्षेत्र आत येऊ देत नाही) दक्षिण भारतात १७ जीव्हीच्या (गिगाव्होल्ट) आसपास, जगातल्या सर्वांत मोठ्या कटऑफांपैकी. त्याच भौगोलिक अक्षांशावर मध्य अमेरिकेत तो बराच कमी. क्रायला हे कळत नाही. पूर्व-पश्चिम फरकही तिच्याकडून येणार नाही, तो कटऑफच्या दिशेवर अवलंबून असतो. शिवाय प्राथमिक कण फक्त प्रोटॉन, जड केंद्रकं नाहीत. सपाट पॅडलच्या मोजणीला हे चालतं, कोनानुसार काही काढायचं असेल तर नाही.

एककं: गतिज ऊर्जा एमईव्हीत, स्थान मीटरमध्ये, वेळ सेकंदात. दिशेचा उभा घटक ऋण, म्हणजे कण खाली जातोय. स्वतःचा अक्ष उलटा धरलात तर सगळे म्युऑन आकाशात जातात आणि मोजणी शून्य.

वेळेची मेख सगळ्यांत चिवट. क्राय प्रत्येक कणाला धाव सुरू झाल्यापासूनचा वेळ देते. दिवसभराचा डेटा काढला की तो लाख सेकंदांच्या घरात जातो. जिआंट४ आतून नॅनोसेकंदात मोजतं, म्हणजे १०^१४. डबलला सोळाएक अंक, तेव्हा त्या ठिकाणी सर्वांत लहान पायरी ०.०१६ नॅनोसेकंद. दहा पट लांब धावेत ती ०.१२५ होते आणि टाइम-ऑफ-फ्लाइटच्या (कणाला पॅडलमधलं अंतर कापायला लागलेला वेळ) आलेखात कंगव्यासारखे दात उमटतात. इलेक्ट्रॉनिक्सचा दोष समजून लोक ते शोधत बसतात. उपाय: एका वर्षावातल्या पहिल्या कणाचा वेळ सगळ्यांतून वजा करा आणि मूळ वेळ वेगळ्या चलात ठेवा. एकूण खरा वेळ क्रायच्या टाइमसिम्युलेटेड मधून धावेच्या शेवटी घ्या. तोच मोजणीचा भाजक. ११० चं गणित तेव्हा विसरायचं.

निळाप्रकाश

आता शून्य फोटोइलेक्ट्रॉन (फोटॉनने फोटोकॅथोडमधून काढलेले इलेक्ट्रॉन). तीन संशयित, शक्यतेच्या क्रमाने.

पहिला: स्किन सरफेस (एखाद्या भागाच्या सगळ्या बाजूंना लागणारा पृष्ठभाग). तुम्ही परावर्तक आवरण सिंटिलेटरच्या लॉजिकल व्हॉल्यूमवर स्किन म्हणून लावलं असेल तर ते सगळ्या बाजूंनी लागलं, पीएमटीच्या बाजूनेसुद्धा. म्हणजे पॅडल चहूबाजूंनी बंद डबा झाला. आवरणासाठी आणि पीएमटीसाठी वेगवेगळे बॉर्डर सरफेस करा, दोन फिजिकल व्हॉल्यूममधल्या सीमेवर. जिआंट४ आधी बॉर्डर शोधतं, नसेल तरच स्किन. आणि बॉर्डरला दिशा असते: अ कडून ब कडे जाणारा आणि ब कडून अ कडे येणारा हे दोन वेगळे. फोटॉन परतही येतो, म्हणून दोन्ही द्या.

दुसरा: अपवर्तनांक नसलेलं माध्यम. सिंटिलेटरला १.५८ दिला, पण मधल्या ग्रीसला किंवा पीएमटीच्या काचेला दिला नाही, तर फोटॉन त्या सीमेवर मारला जातो. इशारा नाही, चूक नाही, मूकपणे. ग्रीसला १.४६, काचेला १.५ च्या आसपास, हवेला १.० लिहायलाच हवं.

तिसरा: ऊर्जेचा क्रम. गुणधर्मांचे तक्ते ऊर्जेत, चढत्या क्रमाने लागतात. कंपनीचा आलेख तरंगलांबीत असतो आणि तो तसाच उतरवला की क्रम उलटा होतो. बीसी-४०८ किंवा ईजे-२०० चं शिखर ४२५ नॅनोमीटर, म्हणजे २.९२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. फोटोकॅथोडच्या कार्यक्षमतेचा तक्ता २.९२ ला झाकत नसेल तर पुन्हा शून्य.

आणखी एक, ११ वी मालिका आहे म्हणून: जुन्या उदाहरणांतली फास्टकंपोनंट, फास्टटाइमकॉन्स्टंट ही नावं आता चालत नाहीत. सिंटिलेशनकंपोनंट१, सिंटिलेशनटाइमकॉन्स्टंट१ लिहा. तुमचे फोटॉन तयार होतायत, म्हणजे ही पायरी तुम्ही पार केली आहे.

पॅडलवाला

स्किनच होतं. बॉर्डर केले. आता फोटोइलेक्ट्रॉन येतायत, पण अपेक्षेच्या जेमतेम चौथा हिस्सा. आवरणाची परावर्तकता ०.९५ दिली आहे, डायइलेक्ट्रिक-मेटल, पॉलिश्ड.

निळाप्रकाश

म्हणजे तुम्ही ॲल्युमिनियम थेट सिंटिलेटरवर चिकटवलंय. खऱ्या पॅडलमध्ये टायव्हेक किंवा मायलर नुसतं गुंडाळलेलं असतं, मध्ये हवेचा पातळ थर राहतो. सगळी मजा त्या थरात आहे. १.५८ आणि १.० च्या सीमेवर क्रांतिक कोन ३९.३ अंश. त्याहून तिरपे आदळणारे फोटॉन पूर्ण परावर्तित होतात, एकही न गमावता. कागदापर्यंत फक्त उरलेले जातात. तुमच्या मॉडेलमध्ये मात्र प्रत्येक आदळण्याला ५ टक्के कर. वीस आदळण्यांनंतर ०.९५ चा विसावा घात, ०.३६. एक सेमी जाडीच्या, ३० सेमी रुंद पॅडलमध्ये वीस आदळणी म्हणजे काहीच नाही.

दोन मार्ग. एक, सिंटिलेटर आणि आवरण यांच्यामध्ये ०.१ मिमी हवेचं खरंखुरं व्हॉल्यूम ठेवा, सिंटिलेटर-हवा हा डायइलेक्ट्रिक-डायइलेक्ट्रिक, हवा-आवरण हा परावर्तक. दोन, युनिफाइड मॉडेलमध्ये ग्राउंड-बॅकपेंटेड निवडा, ते हवेचा थर मनातल्या मनात धरतं. मात्र त्या सरफेसच्या स्वतःच्या तक्त्यात त्या थराचा अपवर्तनांक १.० लिहावा लागतो, नाहीतर फोटॉन मारले जातात. मला पहिला मार्ग आवडतो, कारण व्ह्यूअरमध्ये चूक डोळ्यांना दिसते.

हवेचा थर घातल्यावर एक वेगळीच अडचण येईल: धाव संपेनाशी होते. गुळगुळीत, काटकोनी ठोकळ्यात काही दिशांचे फोटॉन पूर्ण परावर्तनाने कायमचे अडकतात. शोषण-लांबी दिलेली नसेल तर त्यांना मरण नाही. ३८० सेमी द्या. आणि पृष्ठभाग पूर्ण गुळगुळीत ठेवू नका, थोडा सिग्मा-अल्फा (खडबडीतपणा) द्या. खरं प्लास्टिक काही आरसा नसतं.

शून्य_बायस

बर्क्सचा स्थिरांक (ऊर्जा दाट पडते तिथे प्रकाश किती कमी होतो ते सांगणारा) विसरू नका. ०.१२६ मिमी प्रति एमईव्ही, तो मटेरियलला लावावा लागतो, आपोआप येत नाही. सरळ म्युऑनला फरक थोडा, पण थांबणाऱ्या म्युऑनच्या शेवटच्या मिलिमीटरांत आणि न्यूट्रॉनने उडवलेल्या प्रोटॉनला बराच.

दख्खनी_फोटॉन

दर घटनेला तीन पॅडल मिळून ५० हजार फोटॉन, आणि हवेत १० लाख म्युऑन. हे कोणत्या जन्मात संपणार?

निळाप्रकाश

संपवायचं नसतं, टाळायचं असतं. सोपी युक्ती आधी: पीएमटीची क्वांटम कार्यक्षमता २५ टक्के असेल तर फोटॉनचं उत्पादन १०,००० प्रति एमईव्ही ऐवजी २,५०० करा आणि फोटोकॅथोडची कार्यक्षमता १ करा. मरणारच होते ते फोटॉन जन्मालाच घालायचे नाहीत. यादृच्छिक गाळणी आधी लावा की नंतर, उरलेल्यांचं वितरण तेच राहतं. काम चौपट हलकं. कार्यक्षमता तरंगलांबीनुसार फार बदलत असेल तर तिच्या शिखराने भागा आणि उरलेला आकार फोटोकॅथोडवर ठेवा.

खरी युक्ती म्हणजे प्रकाशाचा नकाशा. ३० × ३० च्या पॅडलवर २ सेमीचे चौकोन पाडले की २२५ होतात. प्रत्येकात म्युऑन न सोडता थेट १ लाख ऑप्टिकल फोटॉन सर्व दिशांना सोडा, किती टक्के पोचतात ते नोंदा. सव्वादोन कोटी फोटॉन, एकदाच. त्यानंतरच्या सगळ्या धावांत ऑप्टिकल बंद. म्युऑनने जिथे जितकी ऊर्जा टाकली तिला त्या चौकोनाच्या आकड्याने गुणून पॉइसाँचा फासा टाकायचा. उदाहरणार्थ १.७ एमईव्ही, १७ हजार फोटॉन, ५ टक्के पोचले, त्यातले पाव मोजले: २१० फोटोइलेक्ट्रॉन. पीएमटीजवळच्या दोन-चार चौकोनांत उतार तीव्र असतो, तिथे अर्ध्या सेमीची जाळी घ्या. बाकी ठिकाणी २ सेमी पुष्कळ झालं.

पॅडलवाला

आता मूळ हेतू. मधल्या पॅडलची कार्यक्षमता सिम्युलेशनमध्ये ९९ च्या वर येते. खऱ्या मांडणीत ८१ वगैरे दिसत असेल तर पॅडल खराब म्हणायचा का?

खाणमजूर

आधी ट्रिगर खराब आहे का ते पाहा. जिआंट४ एका वेळी एक घटना चालवतं, म्हणून योगायोगाचे कोइन्सिडन्स त्यात जन्मालाच येत नाहीत. ते बाहेरून घालावे लागतात: २ × पल्सची रुंदी × पहिल्याची मोजणी × दुसऱ्याची मोजणी. पल्स ५० नॅनोसेकंद, प्रत्येक पॅडल सेकंदाला ५०० वेळा बोलतोय (म्युऑन त्यात मूठभरच, बाकी भिंतींतले गॅमा आणि ट्यूबचा स्वतःचा गोंगाट). ०.०२५ प्रति सेकंद, म्हणजे मिनिटाला १.५ खोटे ट्रिगर. खरे ६.५. खोट्या ट्रिगरला मधला पॅडल बोलणार नाहीच. ६.५ भागिले ८ म्हणजे ८१ टक्के. पॅडल निर्दोष.

वरच्या-खालच्या पॅडलचे थ्रेशोल्ड (नोंदीची किमान पातळी) असे चढवा की सिंगल्स (एकेकट्या पॅडलची मोजणी) सेकंदाला १०० वर येतील. मग खोटे ट्रिगर मिनिटाला ०.०६. किंवा एक सिग्नल मुद्दाम २०० नॅनोसेकंद उशिरा पाठवून फक्त खोटेच मोजा आणि वजा करा. दुसरा मार्ग जास्त प्रामाणिक, कारण त्यात सूत्रावर विश्वास ठेवावा लागत नाही.

घनकोन

मधला पॅडल मोठा घेतलाय ते बरोबर केलंत. तिन्ही सारखे असते तरी सरळ रेषा मधल्यातून जातेच, पण मांडणी ५ मिमी सरकली की एका काठावर ट्रिगर फुकट जातात आणि तो दोष कार्यक्षमतेवर लिहिला जातो. कमी ऊर्जेचे म्युऑन वळतातही. २०० एमईव्ही संवेगाचा म्युऑन १ सेमी प्लास्टिकमध्ये सुमारे १० मिलिरेडियन विखुरतो, ५० सेमी खाली गेल्यावर ५ मिमी. ४ जीईव्हीला हे अर्ध्या मिलिरेडियनच्याही खाली असतं, म्हणून तुमच्या एकाच ऊर्जेच्या सोर्सला हे दिसणारच नाही. आता क्राय घातलंत की दिसेल.

दख्खनी_फोटॉन

मदुराईच्या मिनी-आयकॅल या कण-डिटेक्टरभोवतीच्या म्युऑन व्हेटोला (बाहेरून येणारे म्युऑन ओळखून बाद करणारा थर) कार्यक्षमता ९९.९९ टक्के लागतात असं ऐकलंय. तिथे हे सगळं कसं निभावतं?

खाणमजूर

लागतात, आणि तिथे पॅडल असे नसतात. लांब एक्स्ट्रूडेड सिंटिलेटर पट्ट्या, आत तरंगलांबी बदलणारे फायबर, टोकांना सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, आणि थर एकमेकांवर सरकवून, म्हणजे एका थराची फट दुसऱ्याच्या पट्टीवर येते. ९९.९९ मध्ये थ्रेशोल्डपेक्षा फटींची भूमिती जास्त भारी पडते. सिम्युलेशनमध्ये पट्ट्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर आकडा छान येतो आणि काही कामाचा नसतो. पट्टीभोवतीचा रंगाचा थर आणि पट्ट्यांमधली फट मोजून घालावी लागते.

आणि ते सिद्ध करायला किती ट्रिगर लागतात बघा. दहा हजारांत एक चुकतो, तो दर १० टक्क्यांच्या चुकीने सांगायचा तर चुकलेले १०० हवेत, म्हणजे १० लाख ट्रिगर. या धाग्यातल्या टेलिस्कोपने मिनिटाला ६.५ दराने साडेतीन महिने.

शून्य_बायस

तिथे आयकॅलच्या आतले आरपीसी (गॅस भरलेले रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर) वेगळंच प्रकरण. दोन मिलिमीटर गॅसमध्ये डिफॉल्ट ०.७ मिमीचा प्रॉडक्शन कट (याहून कमी पल्ल्याचे दुय्यम कण न बनवण्याची मर्यादा) ठेवून ऊर्जेचं वितरण बघत बसू नये, तिथे पीएआय मॉडेल (पातळ थरांतल्या ऊर्जाहानीचं) लावतात. इलेक्ट्रॉनचं हिमस्खलन (गॅसमध्ये एकाचे अनेक होणं) तर जिआंट४ करतच नाही, त्यासाठी गारफिल्ड++ हे वेगळं सॉफ्टवेअर. बहुतेक जण मोजलेली कार्यक्षमता आणि स्ट्रिपची संख्या थेट फाशाने घालतात, आणि ते योग्यच आहे.

दख्खनी_फोटॉन

उटीच्या ग्रेप्स-३ या वैश्विक किरणांच्या प्रयोगालाही हेच लागू?

खाणमजूर

तत्त्व तेच, क्रम उलटा. टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्था) तो म्युऑन टेलिस्कोप ५६० चौमीचा, ३७१२ प्रपोर्शनल काउंटर, एकेक ६ मीटर लांब आणि १० × १० सेमी छेदाचा, चार थरांत, वर काँक्रीटचा ढीग. त्या काँक्रीटमुळे उंबरठा १ जीईव्ही गुणिले सेकंट थीटा. तिथे क्रायसारखे तक्ते पुरत नाहीत. १ डिसेंबर २०१४ च्या गडगडाटी ढगात १.३ गिगाव्होल्टचं विभवांतर काढलं ते म्युऑनची मोजणी टक्क्या-दोन टक्क्यांनी कशी हलली त्यावरून. त्यासाठी ढगातलं विद्युतक्षेत्र वातावरणाच्या सिम्युलेशनमध्येच घालावं लागतं, म्हणून कोर्सिका (वातावरणीय वर्षावांचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर). धन म्युऑन ऋणांपेक्षा पंचवीस-तीस टक्के जास्त असतात, म्हणून क्षेत्राचा परिणाम दोघांत फिटून जात नाही. तुमच्या जनरेटरमध्ये फक्त ऋण म्युऑन सोडत असाल तर असलं काही कधीच दिसणार नाही.

पॅडलवाला

ऋणच सोडत होतो. बदलतो. छताचं काय करायचं? वर दोन स्लॅब आहेत.

घनकोन

जी४-काँक्रीट तयार आहे, घनता २.३. १५ सेमीचा स्लॅब म्हणजे ३४.५ ग्रॅम प्रति चौसेमी, साधारण ६० एमईव्ही. दोन स्लॅब १२०. कोइन्सिडन्सचे म्युऑन फारसे कमी होत नाहीत, इलेक्ट्रॉन होतात. पण सोर्सचा चौकोन आता छताच्या वर न्यावा लागेल आणि मग ३० × ३० सेमी पुरणार नाही. ३ मीटर उंचीवरून ७० अंशांपर्यंतचे म्युऑन हवे असतील तर चारी बाजूंना सव्वाआठ मीटर. त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक वाया. फक्त ट्रिगरचे म्युऑन हवे असतील तर उलटं करा: वरच्या पॅडलवर एक बिंदू, खालच्यावर एक बिंदू, त्या रेषेने मागे छताच्या वर जा, तिथून सोडा, आणि त्या घटनेला कोसाइनच्या योग्य घाताचं वजन द्या. विखुरणं फार असेल तर दोन्ही पॅडल निवडीपुरते ५ सेमीने मोठे धरा. एकोमग सारखे जनरेटर अर्धगोलावरूनही सोडतात, तो पर्यायही सुटसुटीत आहे.

खाणमजूर

हेच बोगद्यात असतं तर चित्र पालटतं. १०० मीटर खडक, घनता २.६५, तो पार करायलाच ५५ ते ६० जीईव्ही. ४ जीईव्हीचा एकही म्युऑन खाली येणार नाही. पूर्ण वर्णपट सोडून वाट पाहणं व्यर्थ, उंबरठ्याच्या जरा खालून सुरुवात करायची आणि तेवढ्याच भागाच्या तीव्रतेने वेळ काढायचा. गैसरचं सूत्र (म्युऑनच्या वर्णपटाचं) तिथे वापरता येतं, पृष्ठभागावरच्या पॅडलला नाही: कमी ऊर्जेला ते म्युऑनचं विघटन आणि वातावरणातली ऊर्जाहानी धरत नाही, त्यामुळे आकडा फुगतो.

पॅडलवाला

क्राय, दोन्ही भार, स्लॅब, नकाशा, सगळं बसवलं. आठ कोअरवर आठ धावा एकदम लावल्या, निकाल जोडले. चूक ०.३ टक्क्यावर आली.

शून्य_बायस

आठही निकाल शेवटच्या अंकापर्यंत सारखे आहेत का बघा.

पॅडलवाला

आहेत.

शून्य_बायस

सीड (यादृच्छिक आकड्यांची मालिका जिथून सुरू होते ती संख्या) दिलेलं नाही. जिआंट४ दर वेळी त्याच सीडने सुरू होतं, तेव्हा तुमच्याकडे एकच धाव आठ वेळा आहे आणि खरी चूक ०.३ गुणिले आठचं वर्गमूळ, ०.८५ टक्के. प्रत्येक धावेला वेगळं सीड द्या आणि ते आउटपुट फाइलच्या नावात लिहा. क्रायलाही सांगावं लागतं की जिआंट४ चाच यादृच्छिक जनरेटर वापर, नाहीतर ती स्वतःचा वापरत राहते आणि तुमचं सीड तिच्यापर्यंत पोचतच नाही. मल्टिथ्रेडिंगच्या भानगडीत क्रायसोबत पडू नका, ती धाग्यांमध्ये सुरक्षित नाही. लॉक लावला तर चालते. वेगळ्या धावाच बऱ्या.

पॅडलवाला

लावल्या पुन्हा, सीड १०१ ते १०८. उद्या सकाळपर्यंत संपतील.